दोन पंखे की तीन

शंकासुर हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे वेगळं सांगायला नको. पोटच्या पोराला कुणी असं नाव ठेवत नाही. ते त्यांना पडलं वीज कंपनीच्या मीटर तपासणी विभागात, तेही नोकरीच्या पहिल्याच वर्षी, आणि पुढची तीस वर्षं इतकं चिकटून राहिलं की निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषणात खरं नाव घेतलं तेव्हा मागच्या रांगेतल्या दोघांनी एकमेकांना विचारलं, हे कोण?

काम मात्र चोख. तक्रार आलेलं मीटर टेबलावर चढवायचं, शेजारी त्याच तारेवर कंपनीचं प्रमाण मीटर लावायचं, दोघांतून एकच वीज सोडायची आणि घड्याळ लावून बसायचं. आकडे जुळले तर मीटर खरं. नाही जुळले तर त्याचं शिशाचं सील भिंगाखाली धरायचं आणि ज्याच्या घरातून ते आलं त्याला बोलावून घ्यायचं. माणसं येऊन काय वाट्टेल ते सांगत. उंदरानं तार कुरतडली, पाहुण्यांचा धक्का लागला, वीज कडाडली तेव्हापासून असंच आहे. शंकासुर सगळं शांतपणे ऐकून घेत आणि एका शब्दावर विश्वास ठेवत नसत. शंभरातल्या नव्वद वेळा त्यांचंच बरोबर निघे. उरलेल्या दहांचं काय, हे त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही. मला विचाराल तर चुकून माणसाचं जेवढं वाटोळं होत नाही, तेवढं सारखं बरोबर निघून होतं. पण मला कोण विचारतो.

निवृत्तीनंतर प्रमाण मीटर ऑफिसात राहिलं, शंका तेवढी घरी आली. चहाच्या पुड्यावर छापलेलं वजन ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर ताडून पाहत. एका दुकानातून आणलेल्या गोळ्या दुसऱ्या दुकानात नुसत्या दाखवून येत. बायको बाहेरच्या खोलीत शिलाई मशीन टाकून लोकांचे कपडे घट्ट-सैल करून द्यायची. तिथून ती म्हणायची, "अहो, तुम्ही निवृत्त झालात, हे तुमच्या डोळ्यांना कुणीतरी कळवा."

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण एकुलत्या एका मुलीनं आपलं लग्न आपणच ठरवलं, आणि मुलगा फार चांगला आहे असं झाडून सगळे म्हणाले, तेव्हा शंकासुरांच्या मनात पाल चुकचुकली. सगळेच एका सुरात म्हणतात म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. मुलगा दवाखान्यांतली यंत्रं आणि संगणक दुरुस्त करायचा. त्याच्या ऑफिसच्या खाली केस कापायचं दुकान होतं. शंकासुर एका महिन्यात तिथे चार वेळा केस कापायला गेले. विमा कंपनीचा माणूस आहे असं सांगून त्याच्या घरमालकिणीशी तासभर बोलून आले. वहीची सोळा पानं भरली आणि दोष म्हणावा असा एकच सापडला, तो म्हणजे मुलगा घोरतो. नाइलाजानं त्यांनी लग्नाला होकार दिला.

लग्नानंतर तीन महिन्यांनी त्या न्हाव्यानं जावयाला सहज विचारलं, "तुमचे सासरे बरे आहेत ना? त्यांचे केस फार भरभर वाढतात." जावई पडला सरळ माणूस. त्यानं घरी जाऊन हसत हसत बायकोला सांगितलं. ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी ती माहेरी आली, चपलासुद्धा न काढता दारात उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही त्याला नाही तपासलंत, मला तपासलंत." एवढं बोलून गेली ती वर्षभर वडिलांशी बोललीच नाही. आईला फोन करायची, महिना-दोन महिन्यांनी घरी यायची, पण यांच्या वाट्याला 'तब्येत कशी आहे' याच्यापुढे एक शब्द नाही. शंकासुरांना त्याचा किती त्रास झाला हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मी सांगतो. त्या वर्षात त्यांनी एकदाही चहाचा पुडा तोलला नाही.

वर्षभरानं जावयाचा एक जुना संगणक या घरात आला. बायकोला कपड्यांचे नमुने बघायला हवा होता, असं निमित्त. त्यात एक ट्रकचा खेळ होता. थंड, डोंगराळ मुलुखातून माल भरलेला ट्रक इकडून तिकडे न्यायचा, बस्स. शंकासुर कुतूहलानं तो चालवायला लागले. एका संध्याकाळी डेपोच्या फाटकातून निघताना त्यांना शेजारी आणखी एक ट्रक उभा दिसला आणि त्याच्या टपावर मुलीचं नाव होतं. त्या ट्रकनं दोनदा हॉर्न दिला. यांनी दोनदा दिला. मग तासभर दोघं एकामागे एक बर्फातून गेले. बोलणं नाही, काही लिहिणं नाही. वळण आलं की पुढचा दिवा दाखवी, मागचा वेग कमी करी.

तेव्हापासून रोज संध्याकाळी साडेसहा ते साडेसात हा त्यांचा तास ठरून गेला. दीड वर्ष झालं, एकही दिवस चुकला नाही. फोनवर अजूनही 'तब्येत कशी आहे' याच्या पलीकडे गाडी सरकत नव्हती, पण रस्त्यावर बापलेकीचं चांगलं जमत होतं. अलीकडे तर तिचा हात फारच सुधारला होता. उतारावर ब्रेक किती हलके मारते, अगदी मी शिकवल्यासारखे, असं ते बायकोला कौतुकानं सांगत. ती मान खाली घालून शिवत राही.

आणि अशात पडद्यावर ती सूचना आली. खेळाची नवी आवृत्ती येते आहे, पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून जुने रस्ते बंद. नव्या रस्त्यांसाठी यांच्या संगणकातलं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरची चित्रं तयार करणारा भाग, पुरेसं नव्हतं. ते बदलायला वीस दिवस होते. नाही बदललं, तर डेपोच्या फाटकात मुलीचा ट्रक एकटाच उभा राहणार आणि हे घरात बसून राहणार. तो तास गेला की मुलगीही गेली, एवढा सरळ हिशेब शंकासुरांना कळत होता. त्यांना पहिल्यांदाच एखादी वस्तू लवकर विकत घ्यायची होती, आणि लवकर घेणं तर त्यांच्या रक्तातच नव्हतं.

दुकानदारानं काउंटरवर दोन खोकी मांडली. दोन्ही कार्डांतली चिप एकाच कारखान्याची, मेमरी सारखी, नावातले आकडे सारखे. फरक एवढाच की एकाला दोन पंखे आणि दुसऱ्याला तीन. तीनवाल्याच्या कडेला रंग बदलणारे दिवे होते, नावाच्या शेपटीला दोन अक्षरं जास्त होती आणि किंमतही त्या मानानं जास्त होती.

"काका, दोनवालं न्या," दुकानदार म्हणाला. "डोळ्याला फरक दिसणार नाही."

शंकासुरांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. स्वस्तातलं न्या म्हणणारा दुकानदार त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. तो पुढे आणखीही बरंच काही सांगत होता, तुमच्या संगणकाची पेटी जुनी आहे, तीनवाल्याचं जमायचं नाही वगैरे, पण यांचं लक्ष उडालं होतं. ते खोक्यावरची चिकटपट्टी नखानं चाचपत होते. दिवसरात्र राबवलेली जुनी कार्डं पुसूनपासून नव्या खोक्यांत भरतात, असं त्यांनी कुठेसं वाचलं होतं.

घरी आले तर बायकोनं निरोप सांगितला. मुलीचा फोन आला होता. जावई म्हणतात, दोन पंख्यांचं घ्या, आमच्याकडे तेच आहे, डोळ्याला फरक दिसत नाही.

झालं. दोन वेगवेगळी माणसं एकच वाक्य बोलली की ते वाक्य कुठेतरी आधी बसून ठरवलेलं असतं, हा तीस वर्षांचा अनुभव. दुसऱ्या दिवशी ते परत दुकानात गेले आणि आडून आडून विचारलं, तेव्हा दुकानदार खुशीत म्हणाला की तुमच्या जावयांना चांगला ओळखतो, आमच्याकडूनच तर नेतात. शंकासुरांनी वहीत जावई आणि दुकानदार अशी दोन नावं लिहिली आणि मध्ये एक रेघ ओढली.

मग सुरू झाली तुलना. त्यांनी बारा परीक्षणं पाहिली. कार्ड फुकट मिळालेले परीक्षक त्यांनी बाजूला काढले. उरले दोन. त्यांतला एक तीनवाल्याची इतकी स्तुती करत होता की तोही बाद झाला, आणि दुसरा काहीच ठाम बोलत नव्हता म्हणून त्याच्यावर थोडाफार भरवसा बसला. मग त्यांनी तक्ता आखला. तेवीस ओळी. त्यातल्या एकोणीस ओळींत दोन्ही कार्डांचे आकडे तंतोतंत सारखे. दुसऱ्या कुणाला यात समाधान वाटलं असतं. पण मीटरवाल्याचं शास्त्र वेगळं. दोन मीटरांचे आकडे शेवटच्या घरापर्यंत जुळले की समजावं, कुणीतरी एकावरून दुसरा उतरवून काढलाय. कागदावरची तुलना त्यांनी निकालात काढली.

चौथ्या खेपेला ते स्वयंपाकघरातला काटा आणि प्लगला लावायचं एक छोटं वीज मीटर पिशवीत घालूनच गेले. दोन्ही खोकी तोलली. मापपट्टीनं तीनदा लांबी घेतली. दुकानातल्या दाखवायच्या संगणकात तीनवालं बसवलेलं होतं. त्याच्या प्लगला मीटर लावून त्यांनी तो ट्रकचा खेळ सुरू करवला आणि घाटाच्या रस्त्यानं चाळीस मिनिटं ट्रक चालवला. मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती. विजेचा आकडा, कार्डाचं तापमान, सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रं, सगळं दर पाच मिनिटांनी वहीत उतरत होतं. मग त्यांनी दोनवालंही बसवून दाखवा म्हटलं. इथे दुकानदारानं हात टेकले. तो म्हणाला की खोक्याचं सील तोडलं की ते मला नवं म्हणून विकता येत नाही, तुम्हीच सांगा काका, सील तोडू का? जन्मभर लोकांना सीलचं महत्त्व शिकवलेला माणूस यावर काय बोलणार. शंकासुर पिशवी उचलून घरी आले.

आता एकच वाट होती. चालू अवस्थेतलं दोन पंख्यांचं कार्ड त्यांच्या माहितीत एकाच घरी होतं, मुलीच्या. तिथे तोच घाट, तेवढाच वेळ, तेच मीटर. ते कळवूनही जाता आलं असतं. मुलीनं नको म्हटलं नसतं, बहुतेक चहासुद्धा केला असता. पण कळवून केलेल्या तपासणीला शंकासुर तपासणी म्हणत नसत, पाहुणचार म्हणत. आधी कळलं तर जावई खिडकी उघडून ठेवील, पंखा लावील, चित्रं मुद्दाम हलकी करून ठेवील, आणि कार्ड कसं थंड नि गुळगुळीत चालतंय ते दाखवील. म्हणून त्यांनी नोकरीत केलं तेच केलं. बायकोला 'जरा फिरून येतो' म्हणाले, पिशवी काखेत मारली आणि मुलीच्या रोजच्या तासालाच तिथे पोचायचं ठरवलं, कारण त्या वेळी संगणक नक्की चालू असणार. तारीख उलटायला आठ दिवस उरले होते. इथे एक गोष्ट मी जबाबदारीनं सांगतो, कारण पुढे ती कुणी मानायला तयार होणार नाही. त्या दिवशी शंकासुरांचा संशय फक्त कार्डावर होता आणि फार तर जावयाच्या खिडकीवर. मुलीवर नव्हता.

बस रखडली. ते मुलीच्या इमारतीचे तीन जिने चढून वर गेले तेव्हा सात वाजायला पाच मिनिटं होती. बेल वाजवली. दार जावयानं उघडलं. हेडफोन गळ्यात, चेहरा उतरलेला. सासऱ्यांना पाहून त्यानं भिंतीला हात टेकला आणि तो म्हणाला, "तुम्ही बरे आहात ना? पंचवीस मिनिटं झाली, मी आईंना फोन करणारच होतो."

हे वाक्य ऐकून शंकासुर उंबऱ्यातच थांबले. याला कसं कळलं मला उशीर झाला ते? आपण आलो नाही ते फक्त ट्रकच्या फाटकात, आणि तिथे वाट बघणार ती मुलगी. ते आत गेले. खोली लहान होती. कोपऱ्यात टेबल, टेबलावर संगणक, त्याच्या पारदर्शक बाजूतून दोन पंखे फिरताना दिसत होते. पडद्यावर डेपोचं फाटक होतं. फाटकात एक ट्रक दिवे लावून उभा होता आणि टपावर मुलीचं नाव. टेबलासमोर एकच खुर्ची, आणि तिच्या पाठीवर जावयाचा शर्ट.

"ती कुठे आहे?"

"कामावर."

औषधांच्या कारखान्यात पॅकिंगच्या हॉलवर ती देखरेखीला होती, हे त्यांना माहीत होतं. तिची सुटी पाचला होते, हेही माहीत होतं. जावयानं खाली बघत सांगितलं की पाळी बदलली. आता दुपारी दोन ते रात्री दहा. फक्त बुधवारी घरी असते. साडेतीन महिने झाले.

"मग इथे कोण बसतं?"

"बुधवारी ती," जावई म्हणाला. "बाकी दिवस मी."

शंकासुर खुर्चीत बसले. साडेतीन महिने. उतारावरचे ते हलके ब्रेक. मागच्या महिन्यात घाटात त्यांचा ट्रक घसरून खड्ड्यात गेला होता, आणि त्या खेळात मदतीची गाडी यायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास दुसरा ट्रक पुढे न जाता शेजारी दिवे लुकलुकवत उभा होता. त्या दिवशी संगणक बंद केल्यावर त्यांचे डोळे भरून आले होते. पोरीनं आपल्याला माफ केलं, असं त्यांना वाटलं होतं. त्यांनी जावयाला तो दिवस विचारला. वार गुरुवार होता.

"मीच होतो," तो म्हणाला. "तुम्हाला तसं एकटं टाकून पुढे कसं जायचं?"

त्यांना राग यायला हवा होता आणि येईना. आलं ते फक्त रडू, आणि ते त्यांनी घसा खाकरून परतवलं. ज्याच्या घोरण्याची नोंद करायला आपण सोळा पानं खर्ची घातली, तो माणूस साडेतीन महिने कामावरून धावत येऊन आपल्यासाठी इथे बसतोय. मग त्यांनी विचारलं, की हे मला सरळ सांगितलं का नाही? पाळी बदलली एवढंच तर सांगायचं होतं.

जावयानं टाळायचा प्रयत्न केला. पाणी आणलं. पण शंकासुरांची नजर चुकवणं भल्याभल्यांना जमलेलं नाही, तिथे हा सरळ माणूस काय टिकणार.

"ती म्हणाली, बाबांना सांगितलं तर ते कारखान्याच्या गेटवर जातील. पाळी खरंच बदलली का, ते विचारायला."

हे खोटं नव्हतं, हे शंकासुरांना कळत होतं. कारण ते गेले असते. आधी त्यांना वाटलं असतं की पोरीला आपल्याबरोबर चालवायचा कंटाळा आला, पाळीचं नुसतं निमित्त. मग दोन दिवस झोप लागली नसती, आणि तिसऱ्या दिवशी ते गेटसमोरच्या टपरीवर चहा पीत पहारेकऱ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत उभे असते. मुलगी बापाला पुरती ओळखून होती.

जावयाचं लक्ष एव्हाना पिशवीकडे गेलं होतं. काट्याचा कोपरा बाहेर डोकावत होता. यांनी अडखळत सांगितलं की कार्ड बघायला आलो. त्यावर जावयानं एक शब्द न विचारता ते छोटं मीटर घेतलं, प्लगला लावलं, खिडकी होती तशी बंद ठेवली आणि घाटाचा रस्ता सुरू केला. चाळीस मिनिटं तो ट्रक चालवत होता आणि दर पाच मिनिटांनी आकडे मोठ्यानं वाचत होता. शंकासुर सवयीनं लिहीत होते. दोनवालं अकरा वॅट कमी खात होतं, किंचित जास्त तापत होतं, आणि चित्रं सेकंदाला तेवढीच. डोळ्याला फरक दिसत नव्हता.

परतताना दुकान उघडं होतं. शंकासुरांनी दोन पंख्यांचं खोकं मागितलं. दुकानदारानं विचारलं, ठरलं का एकदाचं, आणि बोलता बोलता म्हणाला की तीनवालं घेतलं असतंत तरी परत आणावं लागलं असतं, ते तुमच्या पेटीत मावणारच नाही, पहिल्या दिवसापासून सांगतोय. शंकासुरांना एकदम आठवलं, की कार्डांची लांबी आपण तीनदा मोजली, स्वतःच्या घरातली पेटी एकदाही मोजली नाही. त्यांनी खोकं पिशवीत टाकलं. चिकटपट्टीवरून नख फिरलंच, पण ओझरतं.

घरी बायको एका पँटची शिवण उसवत बसली होती. त्यांनी पाणी न पिता सगळं सांगितलं. ती ऐकत होती, पण चकित झाली नाही, आणि हे त्यांच्या लक्षात आलं.

"तुला माहीत होतं?"

"अहो, खालच्या इस्त्रीवाल्यालासुद्धा माहीत आहे," ती म्हणाली. "पोरगी बिचारी रोज मला विचारते, बाबांना संशय आला का. मी सांगते, नाही. ब्रेक छान मारतेस म्हणतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते जेवणाच्या टेबलावर संगणकाची पेटी आडवी टाकून बसले. जुनं कार्ड काढलं, नवं अलगद खाचेत दाबलं, स्क्रू आवळला. जागा बरोबर पुरली. तेवढ्यात फोन वाजला. मुलगी होती. 'तब्येत कशी आहे' नाही, काही नाही. काल काय झालं ते नवऱ्यानं सांगितलं असणार. आवाज अगदी सपाट होता.

"बाबा, खरं सांगा. काल कशाला आला होतात?"

"कार्ड बघायला," ते म्हणाले. "दोन पंख्यांचं चालवून बघायचं होतं. आकडे घ्यायचे होते."

"न सांगता? बरोबर आपल्या तासाला?"

त्यांनी सांगून पाहिलं. दुकानदार खोकं उघडेना, मग काय करणार. कळवलं असतं तर खिडकी उघडली असती, आणि तुलना करायची तर परिस्थिती सारखी हवी. बस रखडली. बोलता बोलता त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू येऊ लागला. तो टेबलापलीकडे उभ्या राहिलेल्या त्या सगळ्या माणसांचा आवाज होता, साहेब, सील आधीपासूनच तुटलेलं होतं हो, असं सांगणाऱ्यांचा. त्यांतले काही जण खरं बोलत असतील, हे त्यांना आज पहिल्यांदा वाटलं.

"खरंच गं. तुझ्यावर संशय नव्हता."

मग ती म्हणाली, "बरं."

या 'बरं'चा अर्थ त्यांच्याइतका कुणाला ठाऊक होता? समोरच्याचं बोलणं संपलं की ते स्वतः असंच 'बरं' म्हणत आणि कागदावर आपल्याला हवं ते लिहीत. वहीतले आकडे, मीटर, काटा, सगळं दाखवता आलं असतं. पण ते दाखवलं तर ती आणखीच काय समजायची ते समजली असती. घाईघाईनं ती एवढंच म्हणाली की बुधवारी मी असते, बाकीच्या दिवशी कोण असतं ते आता तुम्हाला कळलंच आहे, चालवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. आणि तिनं फोन ठेवला.

शंकासुर पेटीचं झाकण हातात घेऊन उभे राहिले. आज शुक्रवार होता. साडेसहाला जावई डेपोच्या फाटकात येऊन उभा राहणार, हे त्यांना नक्की माहीत होतं, आणि आपणही जाणार हेही. ते ठरवायला तक्ता लागला नाही. त्यांनी झाकण लावलं, बाहेरच्या खोलीत गेले आणि मशीनजवळच्या स्टुलावर बसले. बायको कुणाच्या तरी ब्लाउजला टाचण्या लावत होती.

"तुला तरी पटतंय ना," त्यांनी विचारलं, "की मी फक्त कार्ड बघायला गेलो होतो?"

तिनं वर पाहिलं आणि परत खाली बघून टाचणी लावली. बोलली काहीच नाही. तिच्या ओठांत चार-पाच टाचण्या धरलेल्या होत्या, म्हणूनच ती बोलली नसणार, असं शंकासुर धरून चालले.